१ जानेवारीची दुसरी नोंद

१ जानेवारी हा आपल्या घरांत भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाचा दिवस. १८१८ साली त्या दिवशी पेशव्यांच्या फौजेसमोर कंपनीच्या पलटणीतील महार सैनिक पाय रोवून उभे राहिले, आणि १९२७ च्या १ जानेवारीस बाबासाहेबांनी त्या स्तंभाला भेट देऊन आपल्या इतिहासातील त्याचे स्थान कायमचे केले. मायदेशापासून हजारो मैल दूर राहणारी आपली कुटुंबेही त्या दिवशी एखाद्या सभागृहात जमतात, मानवंदना देतात, मुलांना त्या लढाईची गोष्ट सांगतात. याच तारखेची आणखी एक नोंद इतिहासाच्या वहीत आहे. ती मात्र आपल्या कार्यक्रमांत क्वचितच वाचली जाते. १ जानेवारी १८८६ रोजी हिंदुस्थानचा व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन याने अवघ्या काही ओळींची एक घोषणा काढली. थिबा राजाच्या सत्तेखालील सर्व प्रदेश यापुढे राणीच्या साम्राज्याचा भाग झाला आहे, एवढाच तिचा आशय. त्या काही ओळींनी ब्रह्मदेशाचे शेवटचे स्वतंत्र बौद्ध राज्य खालसा झाले. त्याआधीचे युद्ध जेमतेम दोन आठवडे चालले होते.

मराठी माणसाला मंडाले ठाऊक आहे ते टिळकांच्या कारावासामुळे. रत्नागिरीकराला थिबा ठाऊक आहे तो एका लाल राजवाड्याचा उदास मालक म्हणून. मंडाले हे तिपिटक संगमरवरात कोरणाऱ्या राजाचे नगर होते आणि ज्या किल्ल्यात टिळकांचा तुरुंग होता तो किल्ला म्हणजे त्याच राजाच्या राजवाड्याचा कोट, हे आमच्या शालेय पुस्तकांनी सांगितले नाही. ते सांगण्याचे काम आता आपणच करावयाचे आहे.

थिबाचा पिता मिंडोन १८५३ मध्ये गादीवर आला तेव्हा देशाचा अर्धा भाग आधीच गेलेला होता. १८२६ च्या यांडाबोच्या तहाने आराकान आणि तेनासरीमचा किनारा इंग्रजांकडे गेला व वर एक कोटी रुपयांची खंडणी बसली. १८५२ च्या दुसऱ्या युद्धात रंगूनसह पेगू प्रांत गेला. उरलेल्या राज्याला समुद्र नव्हता. तांदूळ पिकविणारा दक्षिणेचा सुपीक भाग परक्यांकडे, आणि इरावती नदीचे मुखही परक्यांकडे. बाहेरून एक तोफ आणावयाची तरी ती इंग्रजांच्या बंदरातूनच यावी लागे. पुढे जे घडले त्याचा निकाल लष्करीदृष्ट्या याच ठिकाणी लागून गेला होता, असे आमचे मत आहे.

तरीही मिंडोनने हात टेकले नाहीत. १८५७ मध्ये त्याने मंडाले वसविण्यास आरंभ केला, टांकसाळ काढली, तारायंत्र आणले, आगबोटी घेतल्या, तरुणांना शिकण्यासाठी युरोपात पाठविले. पण त्याचे नाव बौद्ध जगतात राहिले ते कुथोडॉ पॅगोड्यामुळे. तेथे ७२९ संगमरवरी शिलांवर दोन्ही बाजूंनी संपूर्ण तिपिटक कोरून घेतले गेले, अक्षरांत सोने भरले गेले, आणि प्रत्येक शिलेवर स्वतंत्र छोटे मंदिर उभे राहिले. १८७१ मध्ये मंडालेत पाचवी संगीती भरली व सुमारे २४०० भिक्खूंनी त्या पाठाचे संगायन केले. त्याच वर्षी राजाने रंगूनच्या श्वेडगॉन पॅगोड्यासाठी रत्नजडित सुवर्णछत्र पाठविले. छत्र पोहोचले, मात्र राजाने स्वतः येण्यास इंग्रजांनी परवानगी दिली नाही. एका बौद्ध राजाला आपल्याच लोकांच्या सर्वात पवित्र स्तूपाचे दर्शन परवानगीवाचून घेता येत नव्हते. काही वर्षांनी कलकत्त्याच्या सरकारने हुकूम काढला की इंग्रज वकिलाने यापुढे दरबारात पादत्राणे काढू नयेत. राजाने तशा वकिलाची भेट घेणे नाकारले, आणि वकील व राजा यांच्यातील थेट बोलणेच संपले.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. राज्य बौद्ध होते म्हणून ते निर्दोष होते, असे आम्ही म्हणणार नाही. बरोबर शंभर वर्षांपूर्वी, १७८४-८५ मध्ये, याच राजघराण्यातील बोडॉपया राजाच्या फौजेने शेजारचे आराकानचे छोटे राज्य असेच झपाट्याने जिंकले होते. तेही बौद्ध राज्यच होते. विजेत्यांनी तेथील महामुनी बुद्धमूर्ती डोंगर ओलांडून राजधानीत आणली. ती आजही मंडालेत आहे. दुसरी गोष्ट आपल्या वाचकांना अधिक बोचेल. पॅगोड्यांना पिढ्यान्‌पिढ्या वाहिलेल्या दासांचा एक वर्ग ब्रह्मदेशात होता. त्यांना फयाक्यून म्हणत. बुद्धाच्या स्तूपाची झाडलोट करणाऱ्या या माणसांशी इतर समाज सोयरीक करीत नसे, पंगत टाळीत असे. स्मशानाची कामे करणाऱ्यांना तेथे सण्डाल म्हणत. हा शब्द कोठून गेला हे आपल्याला सांगावयास नको. जातिव्यवस्था नसलेल्या देशातही अस्पृश्यतेचे हे बेट शिल्लक होते, आणि धम्माच्या कोणत्याही ग्रंथात त्याला आधार नव्हता.

मिंडोन १ ऑक्टोबर १८७८ रोजी वारला. राजवाड्यातील कारस्थानातून एकोणीस वर्षांचा थिबा गादीवर आला आणि १८७९ च्या फेब्रुवारीत राजघराण्यातील सुमारे ऐंशी स्त्री-पुरुष व मुले राजवाड्यात ठार करण्यात आली, की प्रतिस्पर्धी उरू नये. या हत्याकांडाचे समर्थन होऊ शकत नाही. इंग्रजी वृत्तपत्रांनी तेव्हापासून थिबाला दारूडा, क्रूर, राणीच्या मुठीतला म्हणून रंगविले. त्यातील दारूचा भाग बहुतांशी कल्पित होता, रक्ताचा भाग नव्हता. पण ज्या सरकारने हे हत्याकांड सहा वर्षे पाहत स्वस्थ बसणे पसंत केले, त्याला १८८५ मध्येच एकाएकी प्रजेची दया का आली?

उत्तराचा एक भाग मुंबईत आहे. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी वॉलेस नावाच्या स्कॉटिश बंधूंनी १८६३ मध्ये मुंबईत स्थापन केली. तिच्याकडे राजाच्या राज्यातील निंज्ञानच्या सागवानी जंगलांचा ठेका होता. हत्तींनी ओंडके नदीपर्यंत ओढावयाचे, तराफे बांधून प्रवाहात सोडावयाचे आणि रंगूनला पकडून कापावयाचे, असा हा व्यवहार. राजाला प्रत्येक ओंडक्यामागे पट्टी मिळे. कंपनीने जितके ओंडके नेले त्याहून फार कमी दाखविले आणि अधिकाऱ्यांना लाच दिली, असा दरबाराचा आरोप होता. १८८५ च्या ऑगस्टमध्ये ह्लुतडॉने, म्हणजे राजाच्या मंत्रिमंडळाने, कंपनीला सुमारे तेवीस लाख रुपयांचा दंड ठोठावला. रक्कम अवाढव्य होती आणि न्याय कितपत निष्पक्ष होता यावर वाद होऊ शकतो. परंतु आपल्या जंगलातील चोरीचा खटला आपल्या न्यायालयात चालविण्याचा अधिकार स्वतंत्र राज्याला आहे की नाही, हा खरा प्रश्न होता.

केवळ सागवानासाठी युद्ध झाले असे म्हणणेही अपुरे ठरेल. थिबाचा वृद्ध मंत्री किनवुन मिंजी युरोप पाहून आलेला, जाणता मुत्सद्दी होता. त्याच्या धोरणाने मंडालेने फ्रान्सशी संधान बांधले आणि १८८५ च्या जानेवारीत पॅरिसमध्ये व्यापारी तह झाला. त्यापाठोपाठ फ्रेंच वकील मंडालेत येऊन बसला. रेल्वे, बँक आणि टोंकिनमार्गे शस्त्रे यांच्या वार्ता पसरल्या. लंडनला एवढे पुरे होते. रंगूनच्या व्यापाऱ्यांना चीनकडे जाणारा मार्ग हवा होता, लंडनमधील भारतमंत्री रँडॉल्फ चर्चिल याला निवडणुकीच्या तोंडावर विजय हवा होता, आणि फ्रान्स तर टोंकिनमधील पराभवाने स्वतःच हबकलेला होता. मदतीला कोणी येणार नाही याची खात्री झाल्यावरच बलाढ्य राज्ये शेजाऱ्याचे अपराध मोजू लागतात. खुद्द रंगूनमधील मुख्य आयुक्त चार्ल्स बर्नार्ड याचाही राज्य खालसा करण्यास विरोध होता. त्याचे कोणी ऐकले नाही.

२२ ऑक्टोबर रोजी निर्वाणीचा खलिता निघाला. इंग्रज वकील सन्मानाने ठेवून घ्यावा, तो येईपर्यंत कंपनीवरील कारवाई थांबवावी, परराष्ट्र व्यवहार यापुढे हिंदुस्थान सरकारच्या सल्ल्याने चालवावा, चीनशी व्यापारास सोयी द्याव्यात, अशा मागण्या होत्या. उत्तराची मुदत १० नोव्हेंबर. थिबाचे उत्तर मुदतीच्या आत रंगूनला पोहोचले. वकील पूर्वीप्रमाणे यावा, कंपनीने अर्ज केल्यास विचार होईल, चीनच्या व्यापाराला मदत केली जाईल, असे त्यात म्हटले होते. परराष्ट्र व्यवहाराच्या कलमावर मात्र त्याने सांगितले की फ्रान्स, इटली व इतर राष्ट्रांशी आमचे मैत्रीचे संबंध आहेत, तेव्हा या प्रश्नाचा निर्णय त्या राष्ट्रांनी मिळून करावा. चारांतील तीन मागण्या बव्हंशी मान्य होत्या. सार्वभौमत्व सोडण्याची तेवढी मान्य नव्हती. हेच उत्तर नकार म्हणून गणले गेले. दरम्यान ७ नोव्हेंबर रोजी राजाने प्रजेला धर्म आणि देश यांच्या रक्षणासाठी उठण्याचे आवाहन केले होते. दरबार मात्र दुभंगलेलाच राहिला. किनवुन मिंजी तडजोडीच्या बाजूचा, टाइंडा मिंजी युद्धाच्या बाजूचा.

जनरल प्रेंडरगास्टच्या हाताखाली ९,०३४ लढवय्ये, २,८१० हिंदी नोकर-हमाल, ६७ तोफा आणि २४ यंत्रतोफा जमल्या होत्या. ते सारे इरावती फ्लोटिला कंपनीच्या पन्नासाहून अधिक आगबोटी व गाधांवर चढले. ज्या आगबोटी एरवी तांदूळ, कापड आणि यात्रेकरू वाहून नेत, त्यांनीच या वेळी फौज नेली. नदी हाच राजमार्ग असलेल्या देशात नदीचे मुख आणि नदीवरील जहाजे परक्यांच्या हाती असली, म्हणजे राजधानी किती उघडी पडते हे त्या पंधरवड्यात दिसले. १४ नोव्हेंबर रोजी ताफ्याने सरहद्द ओलांडली. १७ रोजी मिन्हला येथील किल्ल्यावर खरी म्हणावी अशी एकच लढाई झाली. सुमारे १७० ब्रह्मी सैनिक पडले. अनेकजण नदीत बुडाले. हल्ला करणाऱ्यांपैकी एक इंग्रज अधिकारी आणि तीन शिपाई मेले. ते तीन शिपाई हिंदी होते.

त्यानंतर ताफा जवळजवळ विनाविरोध वर सरकत गेला. पगानची हजारो मंदिरे उजव्या हाताला मागे पडली, मिंज्ञान येथे थोडी गोळागोळी झाली. काठावरच्या खेड्यांतील लोक पळण्याऐवजी पाहावयास गर्दी करीत, कारण इंग्रज एखाद्या राजपुत्राला नवा राजा म्हणून घेऊन येत आहेत अशी वदंता पसरली होती. लोकांना थिबा बदलावयाचा असेल. देश घालवावयाचा नव्हता. २६ नोव्हेंबर रोजी अवा नगराजवळ राजाची सोनेरी नाव शरणागतीचे पत्र घेऊन आली. तेथील तीन मजबूत किल्ल्यांत हजारो सशस्त्र सैनिक लढण्यास सज्ज होते. दुसऱ्या दिवशी राजाज्ञेने त्यांनी शस्त्रे खाली ठेवली. पण सर्वांनी नव्हे. बरेचजण आपल्या बंदुकांसह अंधारात रानात निघून गेले, आणि घाईत असलेल्या विजेत्याने त्यांना जाऊ दिले.

२८ नोव्हेंबरला फौज मंडालेत शिरली. दुसऱ्या दिवशी दुपारी थिबा, राणी सुपयालत आणि परिवार यांना बैलगाड्यांतून नदीकाठी नेण्यात आले. रस्त्याच्या दोन्ही कडांना प्रजा गुडघे टेकून रडत होती. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ चाललेले कोनबाउंग घराणे त्या संध्याकाळी आगबोटीवर चढले. मागे राजवाडा लुटला गेला आणि दरबारच्या दफ्तराचा मोठा भाग सैनिकांच्या हातून आगीत गेला.

बरोबर एक महिन्याने, २८ डिसेंबर १८८५ रोजी, मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत इंडियन नॅशनल काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. ७२ प्रतिनिधींच्या त्या सभेने उत्तर ब्रह्मदेश खालसा करण्याविषयी खेद व्यक्त करणारा ठराव केला, हे तिचे श्रेय होय. परंतु ठरावाचा पुढचा भागही वाचला पाहिजे. सरकारने खालसा करण्याचे दुर्दैवाने ठरविलेच, तर सबंध ब्रह्मदेश हिंदुस्थानपासून वेगळा करून सिलोनप्रमाणे राणीची स्वतंत्र वसाहत करावा, असे तो म्हणतो. म्हणजे काळजी होती ती खर्चाची. ती अनाठायी नव्हती. मोहिमेचा बोजा हिंदुस्थानच्या तिजोरीवर पडला आणि लष्करी खर्च वाढल्याने १८८६ मध्ये प्राप्तिकर बसला. पण परक्या देशाच्या स्वातंत्र्याबद्दल त्या सभागृहात फारसे कोणाला वाटले असे दिसत नाही. आपल्याच देशातील कोट्यवधी अस्पृश्यांच्या स्वातंत्र्याबद्दल त्या सभागृहात काय वाटत होते, हे आपण जाणतोच.

राजवाडा चौदा दिवसांत जिंकला. देश जिंकावयास दहा वर्षे लागली. अवाहून बंदुका घेऊन पांगलेले सैनिक, गादीवर हक्क सांगणारे राजपुत्र, गावांचे वंशपरंपरागत मुखिया, कित्येक ठिकाणी भिक्खूदेखील या प्रतिकारात उतरले. सरकारी भाषेत हे सारे दरोडेखोर. १८८७ च्या आरंभी तेथील फौज तीस हजारांच्या वर गेली होती, म्हणजे मूळ मोहिमेच्या तिपटीहून अधिक. खेडी जाळली गेली, बंडखोरांना आश्रय देणाऱ्या गावांना सामूहिक दंड झाले, सगळीच्या सगळी गावे उठवून दुसरीकडे बसविण्यात आली. विलोबी हूपर नावाचा लष्करी पोलिसांचा प्रमुख हौशी छायाचित्रकार होता. गोळीबाराच्या रांगेसमोर उभ्या केलेल्या कैद्यांचे अगदी मरणाच्या क्षणाचे छायाचित्र मिळावे म्हणून तो कॅमेरा मांडीत असे. पार्लमेंटमध्ये गवगवा झाला, चौकशी झाली आणि प्रकरण कानउघाडणीवर मिटले. १८८७ पासून मुख्य आयुक्त असलेल्या चार्ल्स क्रॉस्थवेटने जुन्या मुखियांची सत्ता मोडून प्रत्येक खेड्यावर सरकारचा माणूस नेमला. प्रदेशावर हुकूमत आली. समाजाला धरून ठेवणारी जुनी चौकट मात्र मोडली.

आता कोरेगावकडे परत येऊ. थिबाला पकडणाऱ्या फौजेतील बहुसंख्य शिपाई हिंदी होते, प्रामुख्याने बंगाल आणि मद्रास सैन्यांतील. मद्रास सॅपर्सच्या ज्या तुकड्या या मोहिमेत होत्या, त्या दलात परैयर समाजाचे, म्हणजे तमिळ मुलखातील आपल्या बांधवांचे, सैनिक मोठ्या संख्येने भरती होत. ज्या गणवेशाने अस्पृश्याला माणसासारखे उभे राहू दिले, मुलांना शाळा दिली, सुभेदार रामजींसारख्या पित्याच्या घरात पुस्तके आणली, तोच गणवेश एका बौद्ध देशाच्या राजधानीत घुसला. काहींना वाटेल की ही गोष्ट बोलल्याने कोरेगावचे तेज कमी होते. आम्हांस तसे वाटत नाही. कोरेगावात लढणाऱ्याला पेशवाईचा अनुभव होता. त्याच्या लढण्याला त्याचे स्वतःचे कारण होते. मिन्हलाच्या तटावर चढणाऱ्या शिपायाचे ब्रह्मी माणसाशी काहीच वैर नव्हते. दोन्ही ठिकाणी हुकूम देणारी सत्ता एकच होती, म्हणून दोन्ही लढाया एक होत नाहीत.

आणि त्या सत्तेने निष्ठेची फेड कशी केली तेही येथेच दिसते. १८८६ च्या अखेरीस ब्रह्मदेशातील बंड मोडण्यासाठी सरसेनापती फ्रेडरिक रॉबर्ट्स स्वतः मंडालेला गेला. लढवय्या जातींच्या सिद्धांताचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता तोच. त्याच्याच कारकिर्दीत मद्रास आणि मुंबई सैन्यांतील जुन्या जातींची भरती आक्रसू लागली आणि १८९० च्या दशकाच्या आरंभी महारांना सैन्याचे दार बंद झाले. १८९४ मध्ये गोपाळबाबा वलंगकरांनी दापोलीहून त्याविरुद्ध अर्ज तयार केला. दापोली रत्नागिरी जिल्ह्यात. आणि त्या वेळी त्याच जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी समुद्राकडे पाहत ब्रह्मदेशाचा राजा नजरकैदेत बसलेला होता. एकाच साम्राज्याने ज्याला वापरून बाजूला सारले तो समाज आणि ज्याला जिंकून आणून ठेवले तो राजा, एका किनाऱ्यावर होते. त्यांना एकमेकांची ओळख पटण्याचे काहीच कारण नव्हते.

आता संघाचे काय झाले ते पाहू. बाबासाहेबांनी भारतातील धम्माच्या ऱ्हासाची मीमांसा करताना आक्रमणांत झालेल्या भिक्खुसंघाच्या संहाराला मोठे महत्त्व दिले आहे. ब्रह्मदेशातील विजेत्याने संघाचा संहार केला नाही. त्याने केवळ पाठ फिरविली. राजाच्या काळी सबंध संघावर थथनाबाईंग, म्हणजे शासनाचा अधिपती असे. विनय मोडणाऱ्या भिक्खूचे चीवर उतरविण्याचा त्याचा अधिकार राजसत्तेच्या पाठिंब्यावर चाले. इंग्रजांनी धार्मिक तटस्थतेचे नाव सांगून तो पाठिंबा काढून घेतला, आणि १८९५ मध्ये तत्कालीन अधिपतीचे निधन झाल्यावर ते पद १९०३ पर्यंत रिकामे राहिले. तटस्थता हा शब्द ऐकावयास बरा वाटतो. ज्या घराचा खांब आपणच काढला, त्याच्या छपराविषयी तटस्थ राहणे म्हणजे काय, हे मंडालेच्या विहारांनी अनुभवले. कुथोडॉच्या आवारात पलटणी उतरल्या. सोने, रत्ने, घंटा नाहीशा झाल्या. शिलांवरील अक्षरे पुढे उपासकांनी वर्गणी काढून पुन्हा भरली, पण सोन्याने नव्हे, काळ्या शाईने.

संघ तरला तो खेड्यापाड्यांतील उपासकांच्या भिक्षापात्रावर. मंडालेत अध्यापन केलेले लेडी सयाडॉ या काळात मोन्यवाजवळच्या रानात जाऊन राहिले. राजा उरला नाही, तर धम्म सामान्य माणसानेच सांभाळला पाहिजे, या जाणिवेने त्यांनी अभिधम्म आणि विपश्यना शेतकरी, व्यापारी, स्त्रिया यांच्यासाठी सोप्या भाषेत मांडली. हीच परंपरा पुढे मंडालेत जन्मलेल्या सत्यनारायण गोएंकांच्या द्वारे इगतपुरीला आली. विपश्यनेविषयी आपल्या चळवळीत दोन टोकांची मते आहेत आणि तो वाद येथे सोडविण्याचा आमचा हेतू नाही. मात्र ती पद्धत सामान्यांच्या हाती का आली, याचे एक कारण १८८५ च्या त्या पंधरवड्यात आहे, एवढे दोन्ही बाजूंनी ध्यानात घ्यावे.

स्थलांतरितांच्या नियतकालिकात आणखी एक उल्लेख टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. जिंकलेल्या देशात हिंदी माणूस सैनिकाच्या मागोमाग कारकून, हमाल, सावकार होऊन गेला. १९३१ च्या जनगणनेत ब्रह्मदेशात दहा लाखांहून अधिक हिंदी होते आणि रंगूनच्या लोकसंख्येत अर्ध्याहून जास्त. मंदीच्या काळात दक्षिणेतील मुख्य भातजिल्ह्यांतील जवळजवळ चतुर्थांश जमीन चेट्टियार सावकारांकडे गेली. आणि १९३० च्या दंगलीत मारला गेला तो मात्र गोदीवरचा तेलुगू हमाल, ज्याच्या मालकीची वीतभर जमीन तेथे नव्हती.

थिबा १८८६ च्या एप्रिलमध्ये मद्रासहून रत्नागिरीस आणला गेला. १८५८ मध्ये दिल्लीच्या बहादूरशहाला रंगूनला धाडले होते. आता उलट दिशेने वाहतूक झाली. राजा तीस वर्षे रत्नागिरीत राहिला. आज पाहुणे ज्याला थिबा राजवाडा म्हणून पाहतात तो १९१० मध्ये तयार झाला. त्याआधीची चोवीस वर्षे भाड्याच्या बंगल्यांत, पेन्शनीसाठी अर्ज करण्यात आणि रत्ने विकण्यात गेली. १९१६ च्या डिसेंबरात तो वारला. मृतदेह मायदेशी नेऊ द्यावा, असा राणीचा आग्रह होता. परवानगी मिळाली नाही. १९१९ मध्ये राणी रंगूनला परतली. थोरल्या राजकन्येची मुलगी रत्नागिरीतच मराठी बोलत, गरिबीत म्हातारी झाली.

१९५४ मध्ये बाबासाहेब रंगूनला गेले तेव्हा ब्रह्मदेश स्वतंत्र होऊन सहा-सात वर्षे झाली होती आणि तेथे सहावी संगीती चालू होती. मिंडोनच्या शिलांवरील पाठ तिच्या कामी आला. डिसेंबरातील जागतिक बौद्ध परिषदेत त्यांनी भारतात धम्माच्या पुनरुत्थानाचा विचार मांडला. दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या भूमीवर त्यांना त्रिसरण-पंचशील दिले ते कुशीनाऱ्याच्या भिक्खू चंद्रमणी महास्थवीरांनी. त्यांचा जन्म १८७६ चा, आराकानातील अक्याबचा. आधी ब्रह्मी राजाने आणि नंतर इंग्रजांनी जिंकलेल्या मुलखातून ते तरुणपणीच भारतात आले होते.

सुटीत कोकणात जाणाऱ्या वाचकांनी रत्नागिरीत राजवाड्यापाशीच थांबू नये. तेथून थोड्या अंतरावर वस्तीमध्ये दोन समाध्या आहेत, एक थिबाची आणि एक १९१२ मध्ये निवर्तलेल्या धाकट्या राणीची. २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन तेथे येऊन गेले. फुले वाहावयाची असतील तर बाजारातूनच न्यावीत; समाधीपाशी मिळत नाहीत.